तीन धावा कमी

९ डिसेंबर १९७९

फाइल! पुष्पलतेनं फाइल केली आहे म्हणे! जयवंताच्या नावाची, हिरव्या कापडी पाठीची, आत वर्तमानपत्रांची कात्रणं खळीनं चिकटवलेली. असोसिएशनचे सेक्रेटरी आनंदराव काल तिच्याकडे जाऊन आले. जानेवारीत राजस्थानशी सामना आहे, तो जयवंताचा शेवटचा. मग सत्कार, मग स्मरणिका, आणि स्मरणिकेत त्याच्या वीस वर्षांच्या रणजीतल्या सगळ्या धावा. हे विचारायला आनंदराव गेले कुणाकडे? बायकोकडे!

माझ्या भाच्याची प्रत्येक धाव मी लिहिली आहे. नागपूरचे सामने स्कोअररच्या टेबलावर बसून, बाहेरगावचे त्याच्या पोस्टकार्डांवरून. अकरा वह्या आहेत कपाटात. आणि ही बाई! लग्न होऊन आली तेव्हा मला विचारत होती, "आत्याबाई, हे दोघं काहून पळून राहिले? चेंडू तं तिकडं गेला."

खळ कच्ची असणार. झुरळं खातील.

११ डिसेंबर

आनंदराव आले. येणारच होते.

"मॅडम, वहिनींच्या फाइलीत बासष्टचा सीझनच नाही."

मला हसू आलं. दाबलं नाही. बासष्टमध्ये वहिनी कुहीला परकर नेसून शाळेत जात असतील, त्या कुठून कापणार कात्रणं? त्यांना वह्या दाखवल्या. एकाहत्तर सामने, दोन हजार नऊशे छत्तीस धावा.

"म्हणजे तीन हजाराला चौसष्ट!" आनंदराव खुर्चीवरून उठलेच. "मॅडम, मग कव्हरवर तेच छापू. मोठ्या अक्षरात. तीन हजार!"

"आधी काढू तर द्या त्याला," मी म्हटलं.

जाताना दारात म्हणाले, "तुमच्या वह्यांत चूक सापडणार नाही, सगळ्या मध्य विभागाला माहीत आहे." बरं वाटलं. मग नाही वाटलं.

१२ डिसेंबर

चौसष्टच. वहीत आहे ते आहे.

१६ डिसेंबर

जयवंत आला. रविवार, अर्धा तास. पूर्वी दिवसभर असायचा. सावनेरची संत्री आणली होती, शेतावरून दादानं पाठवलेली. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, नानाजी, जयवंताचा बाप. त्यानं पोरगा नऊ वर्षांचा असताना माझ्याकडे आणून सोडला. "तू मास्तरीण आहेस, याले मॅट्रिक कर." मॅट्रिक केलाच. आणि मागच्या अंगणात, विहिरीच्या कठड्याला पाठ लावून, पाय पुढे टाकून सरळ बॅटनं खेळायला मी शिकवलं. मी! आता सगळे म्हणतात आनंदरावांनी हेरला. आनंदरावांनी हेरला तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता आणि माझ्या अंगणातली सहा वर्षं खेळून झाली होती.

मला कुणी शिकवलं? कुणी नाही. कॉन्व्हेंटात एका अँग्लो-इंडियन मुलीच्या भावाची जुनी बॅट होती, दुपारच्या सुट्टीत आम्ही खेळायचो. मदर आग्नेस वरच्या गॅलरीतून हात वाजवायच्या. "गर्ल्स! नीडलवर्क!" माझं मनगट जयवंतापेक्षा चांगलं होतं. हे मी कुणाला सांगत नाही. हसतील. पण होतं. अठ्ठावन्न वर्षांची झाले, शाळेतून निवृत्त झाले, तरी केळं सोलताना मला ते मनगट दिसतं.

त्यानं बेसाला प्लॉट घेतला आहे म्हणे. "बेसाला? तिथे कोल्हे राहतात!"

"पुष्पीला मोकळं आवडतं, आत्या."

पुष्पीला मोकळं आवडतं. तेरा वर्षं बँकेच्या क्वार्टरमध्ये कोंडून ठेवलं होतं जणू.

३० डिसेंबर

जुनी पोस्टकार्डं काढून बघितली. एकोणसाठपासून सहासष्टपर्यंत – एकशे अकरा. दर दिवसाचा खेळ संपला की एक. "आत्या, आज २७. ऑफ स्टंपबाहेरचा मारायला गेलो. तू असतीस तर ओरडली असतीस." लग्नानंतर कार्डं आली ती अशी – "२७, ४. ठीक." कारण लांबलचक पत्र दुसऱ्या पत्त्यावर जायचं. तिनं ती ठेवली तरी असतील का? तिच्या फाइलीत कात्रणंच आहेत.

बघायला मागणार नाही.

१२ जानेवारी १९८०

पहिला दिवस. वीस वर्षांत पहिल्यांदा बायकांच्या मांडवात बसले. टेबलावर या मोसमापासून बँकेतला एक तरुण बसतो. असोसिएशनवाले मला म्हणाले, "मॅडम, आता डोळ्यांना त्रास होत असेल." डोळ्यांना नाही, तुम्हाला होतो! बाई टेबलावर बसली की पुरुषांना चहा पिताना पाय पसरता येत नाहीत.

वही मांडीवर घेऊन बसले. शेजारी कोण? पुष्पलता. मोरपंखी साडी, गजरा, आणि हातात जपाची माळ. दर चेंडूला एक मणी. मी म्हटलं, "पुष्पलता, ओव्हर सहा चेंडूंची असते, माळ एकशे आठाची. मध्येच तुटेल."

"तुटू द्या जी. रन झाले म्हंजे झालं."

जयवंताच्या अठ्ठेचाळीस. सुरेख खेळला. एक कव्हर ड्राइव्ह तर – जाऊ दे, लिहून दिसत नाही. बाद झाला तेव्हा तिनं बोटांवर मोजलं आणि म्हणाली, "सोळा राहिले." माझ्या आधी! एवढं कधीपासून यायला लागलं हिला?

१३ जानेवारी

राजस्थानची फलंदाजी. दिवसभर. शेजारी दिवसभर माळ.

१४ जानेवारी

संक्रांत. मांडवात तिळगूळ वाटला. पुष्पलतेनं मला दिला, पाया पडली, सगळ्यांसमोर. काय करणार, घेतला.

दुपारी जयवंत दुसऱ्या डावाला उतरला. सोळा हव्यात. अख्ख्या मैदानाला माहीत होतं, बोर्डावरच्या पोरानं खडूनं "१६" लिहून ठेवलं होतं. जयवंतानं हळूहळू नऊ केल्या. मग दोन. मग एक – मिड-विकेटला ढकलून बारावी धाव घेतली, आणि माझे दोन्ही हात आपोआप वर आले. टाळी वाजवायला.

"काय झालं, आत्याबाई?" पुष्पलता.

"डास."

मैदानात चिटपाखरूही टाळी वाजवत नव्हतं. बारा म्हणजे काहीच नाही ना त्यांच्या लेखी. मी हात वहीखाली दाबून ठेवले. तो आणखी एक धावला. तेरा. पुढच्या ओव्हरला स्लिपमध्ये झेल. तो तिथेच उभा राहिला, बॅटकडे बघत. सगळं मैदान "अरेरे" म्हणालं. दोन हजार नऊशे सत्त्याण्णव. तीन कमी.

पुष्पलतेनं माळ पर्समध्ये टाकली, आणि रडली नाही. ते मला जास्त लागलं.

१५ जानेवारी

लिहूनच टाकते. ही वही कुणी उघडत नाही.

१७ डिसेंबर १९६६. जयवंताच्या लग्नाला नऊ दिवस झाले होते. तो आणि भैयाजी खेळत होते – भैयाजी म्हणजे इतवारीतले कापडवाले, तेव्हा बारीक होते. टेबलावर मी आणि नत्थूजी. दोन स्कोअरर, दोन पुस्तकं. दर चेंडूला एकमेकांना सांगायचं, लिहायचं, ओव्हर संपली की पुस्तकं जुळवायची. जुळली की विषय संपला.

ऊन वर आलं तसा जयवंतानं स्वेटर काढला. मी विणलेला. सात वर्षं तो स्वेटर बाराव्या गड्याच्या हातून माझ्या टेबलावर यायचा, मी घडी करून मांडीवर ठेवायची. त्या दिवशी गडी टेबलापाशी आला आणि पुढे गेला. सरळ बायकांच्या मांडवात. पुष्पलतेनं तो घेतला, घडीसुद्धा न करता! बाह्या लोंबत होत्या.

मी तिकडे बघत राहिले. ओव्हरचा पहिला चेंडू, भैयाजीची एक धाव. दुसरा, जयवंताच्या दोन. एवढं लिहिलं, ते सवयीनं. मग पुन्हा तिकडेच. टाळ्या ऐकू आल्या. मान वळवली तर चेंडू सीमेबाहेर आणि अंपायर चौकाराची खूण करत होता. स्कोअररनं हात वर केल्याशिवाय तो थांबत नाही, तसा नियमच आहे. मी हात वर केला. नत्थूजी किटलीतून चहा ओतत होता. त्यानं विचारलं, "कोणाचा जी?"

दोन धावा पळून काढल्या की खेळणारा परत आपल्याच टोकाला येतो. माझ्या पाचवीतल्या मुलीलाही समजावून सांगता येईल. म्हणजे तिसरा चेंडूही जयवंतच खेळला. चौकार त्याचा. मी बघितलं नव्हतं, पण बघायची गरजच नव्हती.

मी म्हटलं, "भैयाजी."

नत्थूजीनं लिहिलं. मीही लिहिलं. ओव्हर संपली, पुस्तकं जुळली. एकूण धावा बरोबर, गोलंदाजाच्या धावा बरोबर. फक्त माणूस चुकला. असली चूक दोन पुस्तकांत कधीच सापडत नाही, कारण दोन्ही पुस्तकं एकाच तोंडानं लिहिलेली असतात.

संध्याकाळी खोडून दुरुस्त करणार होते. देवाशप्पथ. पण संध्याकाळी ती दोघं रिक्षात बसून गेली, स्वेटर तिच्या खांद्यावर. मी पेनला टोपण लावलं.

म्हणजे काल बाराव्या धावेला त्याचे तीन हजार झाले. तो मैदानात होता, बायको मांडवात होती, दोन हजार माणसं होती. माहीत मला एकटीला. आणि मी डास मारला!

कॉन्व्हेंटात ख्रिश्चन मुली शनिवारी कन्फेशनला जायच्या. जाताना तोंडं लांब, येताना उड्या मारत. आम्हा हिंदू मुलींना तेव्हा मॉरल सायन्स. मला त्यांचा फार हेवा वाटायचा. पाप तर आमच्याकडेही होतं.

१७ जानेवारी

पुष्पलता आली. फाइल घेऊन. मी पंचेचाळीस मिनिटं तिला चहा दिला नाही.

"आत्याबाई, तीनच तं रन हायेत. कुठी तरी राहून गेले असतीन. वीस साल म्हंजे किती दिवस होतेत! तुमी एकदा पहा ना जी."

"माझ्या वहीत राहून जात नाही."

"तसं नाई म्हणत मी. हे काई बोलत नाई. पण जेवून नाई राहिले नीट. रात्री उठून बसतेत. बँकेतले साहेब बी म्हणतेत, 'गावंडे, तीन रनांनी चुकला गा तू!' हसतेत बंदे. वीस साल खेळला माणूस, अन् आता थो 'तीन कमी'वाला झाला."

मग तिनं फाइल उघडली. मी बघणार नव्हते. पण बघितली. खळ पक्की होती. प्रत्येक कात्रणाखाली तारीख, विरुद्ध संघ, धावा – गोल, लहान मुलीसारख्या अक्षरात. आणि मधूनमधून कात्रण नाही, नुसती ओळ: "आत्याबाईच्या वहीवरून." माझ्या वहीवरून! कधी उतरवलं? "तुमी शाळेत गेल्या की ह्यायच्या संगं येऊन लिहून नेवो. तुमाले सांगितलं असतं तं तुमी देल्या असत्या का?"

नसत्या दिल्या.

माझ्या घरात येऊन माझ्या वह्या! भयंकर राग आला. अजून आहे. तिला सांगितलं, "पुष्पलता, वहीत जे आहे तेच आहे. बाकी मी काय जन्माला घालू?" ती उठली. हळदीकुंकवाला या म्हणाली नाही. मला बोलावायचं नसतंच. सवय आहे.

चहा मग मी एकटीनंच घेतला. जेवून नाही राहिले नीट.

१९ जानेवारी

नत्थूजीकडे गेले. महालात, मुलाच्या घरी असतो. दिसत नाही आता फारसं, ऐकू मात्र सगळं येतं.

त्याला सहासष्टची ओव्हर सांगितली. वाटलं, त्याला आठवत नसेल. "आठवते ना जी. तुमी भैयाजी म्हणल्या. मले वाटलं, हे कसं काय? आताच तं दोन पळाले."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमाले कोण बोलणार, बाई? एक डाव मी म्हणलं होतं, वाइड होता, तं तुमी मले फूटपट्टी दाखवली."

ते खरं आहे.

मी म्हटलं, मी असोसिएशनला लिहून देणार आहे. तो एकदम घाबरला. "मायं नाव नका घालू, बाई! नातसून काय म्हणन? म्हणन, बुढा चहा पेत बसला होता."

"बसलाच होतास."

"म्हणूनच तं म्हणून राहिलो!"

२१ जानेवारी

जयवंताला सांगितलं. त्याच्या घरी जाऊन, उभ्या उभ्या. पुष्पलता आत पोळ्या करत होती. लाटणं थांबलं ते मला ऐकू आलं.

एवढंच सांगितलं: चौकार तुझा होता, माझं लक्ष नव्हतं, मी चुकीचं नाव लिहिलं. लक्ष कुठे होतं ते नाही सांगितलं. तेवढी मी नाही सुधारले.

तो पायमोजे काढत होता. एक काढला, दुसरा हातात धरून बसला.

"मला माहीत होतं, आत्या."

"काय माहीत होतं?"

"बोर्डावर भैयाजींच्या नावावर चढले तेव्हाच. भैयाजी म्हणाले, चाल, सांगून येऊ. मी म्हटलं नको. मीच सगळ्या टीमला सांगत फिरायचो ना, माझ्या आत्याचं पुस्तक चुकत नाही म्हणून. मग मीच कसा जाणार?" मग हसला. "नंतर नंतर तर मलाच वाटायला लागलं, भैयाजींनीच मारला असेल. तू लिहिलंय म्हणजे."

चिडला असता तर बरं झालं असतं. चिडलेल्या माणसाला मला उत्तर देता येतं.

निघताना पुष्पलता दाराशी आली, हात कणकेचे. नुसती बघत राहिली, मुलीनं फळ्यावरच्या गणिताकडे बघावं तशी.

२३ जानेवारी

असोसिएशनच्या कचेरीत गेले. पत्र दिलं. तारीख, ओव्हर, चेंडू, सगळं. वही बरोबर नेली.

आनंदरावांनी दोनदा वाचलं. चष्मा काढला. "मॅडम, दोन्ही पुस्तकं जुळलेली आहेत. सह्या झालेल्या आहेत. तेरा वर्षांनी आपल्याला काही करता येत नाही. आकडा सत्त्याण्णवच राहणार."

"मग हे छापा. आकड्याखाली."

"कशाला? तुमचंच नाव खराब होईल. वीस वर्षं... बाईमाणूस टेबलावर बसवला म्हणून तेव्हा किती लोकांनी मला ऐकवलं होतं, तुम्हाला कल्पना नाही. आता तेच लोक म्हणतील, बघा, सांगितलं होतं."

हे मात्र टोचलं. कारण म्हणतील. माझ्यानंतर कुणी बाई त्या टेबलावर बसेल की नाही, हेही यातच आलं. मी खुर्चीत बसून राहिले. बाहेर कुणी तरी निवडणुकीच्या निकालावर मोठमोठ्यानं भांडत होतं.

जयवंत हवा की माझी टेबलावरची वीस वर्षं? सहासष्टमध्ये कुणी असं विचारलं असतं तर? विचारलंच होतं की. नत्थूजीनं. "कोणाचा जी?"

"छापा," मी म्हटलं. "आणि बाई म्हणून चुकले असं कुणी म्हटलं तर माझ्याकडे पाठवा. मी बाई म्हणून नाही चुकले. मी मी म्हणून चुकले."

आनंदरावांनी पत्र पेपरवेटखाली ठेवलं. बघू म्हणाले.

२७ जानेवारी

सत्कार. मांडव, हार, नारळ, शाल. स्मरणिका हातात पडली. कव्हरवर जयवंताचा फोटो, चांगला आहे. पान चार: एकूण धावा २,९९७. खाली बारीक टायपात: "१९६६च्या एका सामन्यात जयवंत गावंडे यांच्या चार धावा चुकीने दुसऱ्या फलंदाजाच्या नावे लिहिल्या गेल्याचे तत्कालीन स्कोअरर कु. गावंडे यांनी कळविले आहे." कु. हे अक्षर या वयात विनोदी दिसतं. नत्थूजीचं नाव नाही. तेवढं त्याचं ऐकलं.

मी तिसऱ्या रांगेत. पान चार उघडलं की माना माझ्याकडे वळत होत्या. एक, दोन, पाच – मी मोजत होते, सवय. पुढच्या रांगेतल्या एकानं शेजाऱ्याला म्हटलंच, "बाईमाणूस हो, होणारच." मी स्मरणिकेनं त्याच्या खांद्यावर टपली मारली. "माझ्याकडे वळून बोला. मला ऐकू येतं." तो वळला नाही.

मग मंचावर भैयाजी उठले, पोट सावरत. "तेरा साल मॅडमनं मले चार रन वापराले देले. आज वापस करून राहिलो. जयवंता, मोजून घे गा!" सगळा मांडव हसला. मग कुणी तरी ओरडलं, "तीन हजार एक!" आणि टाळ्या सुरू झाल्या. थांबेचनात. जयवंत उभा राहिला, हात जोडून, तोंड लाल. लिहिलेला आकडा बदलला नाही. पण आता त्याला कुणी "तीन कमी" म्हणणार नाही. ते झालं.

आणि मग त्याचं भाषण! दीड मिनिट. आनंदराव, कर्णधार, बँक, रोलर ओढणारे, पॅव्हेलियनमधला चहावाला. संपलं. मी नाही. ठीक आहे, माझं तोंड नव्हतंच. पण पुष्पलतासुद्धा नाही! वीस वर्षांचे आभार मानले आणि दोघीही नाहीत. चहावाला आहे!

त्याला जेवणाला थांबवून घेतलं, म्हणून आम्ही दोघी एका सायकलरिक्षात परत. सदरपासून धंतोलीपर्यंत. दोघीही फणफणत.

"चहावाला!" मी.

"पहा ना जी! रोज डबा कोण देत होतं, चहावाला?"

तेरा वर्षांत पहिल्यांदा आमचं एका गोष्टीवर एकमत झालं. पुलाखालून जाताना ती म्हणाली, "आत्याबाई, एक विचारू? त्या चौक्याले तुमचं लक्ष कुठी होतं?"

खोटं तयार होतं. चष्मा पुसत होते, पेन वाळलं होतं. तोंडातून निघालं, "तुझ्याकडे. त्याचा स्वेटर तुझ्या मांडीवर होता. मला बघवलं नाही."

माझं घर येईपर्यंत ती बाहेर बघत होती. मी उतरले, तिनं नमस्कारसुद्धा केला नाही. बरोबरच आहे. मीही केला नसता.

२८ जानेवारी

सकाळी पुष्पलता आली. चपला न काढता दारातच उभी.

"बसत नाई. सांगून जातो. तुमी मायाकडं पाहून राहिल्या होत्या ना? अन् हे चौका मारून, बॅट उचलून, तुमच्या टेबलाकडं पाहून राहिले होते. मी समोर बसली होती, नवी नवरी, शालू नेसून. मायाकडं एक डाव बी नाई. मले असा राग आला, आत्याबाई, म्हणून तेरा साल तुमाले सांगितलं नाई."

मी विचारलं, किती वेळ बघत होता?

"गंज वेळ. अंपायरचा हात हालतच होता. तुमी हात वर करेपर्यंत."